ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये पीआर साठून राहतात, त्याचं काय करता?

खाडीकिनारा:

मंडळी, ठाणे-नवी मुंबईतले बरेच ओपन सोर्सवाले इथे असतात म्हणून हा धागा काढतेय. आम्ही काही जण मिळून मराठी मजकुरासाठी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाइप झालेलं देवनागरी एकसारखं करून देणं, शब्दयाद्या, स्पेलचेकरला लागणारा डेटा, असलं काम. पगारी कोणी नाही, सगळे महापे, ऐरोली, वागळे इस्टेट इथल्या नोकऱ्या सांभाळून रात्री नाहीतर शनिवारी बसणारे. उघडे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोणीही पाठवलेले बदल) आता शंभराच्या वर गेलेत आणि मर्जचा, म्हणजे ते मूळ कोडमध्ये घ्यायचा, हक्क आहे तिघांकडे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की रिव्ह्यू करायला माणसं कमी पडतात, दोन-तीन शनिवार ठाण मांडून बसा की उरकेल सगळं. म्हणून मी ती यादी खालून, म्हणजे सगळ्यात जुन्यापासून वाचत आले आणि प्रत्येक पीआरला एकच प्रश्न लावला, हा नेमका कोणासाठी थांबलाय? काहींचे लेखकच गायब आहेत, ते सोडा. पण उरलेल्यांत रिव्ह्यूसाठी थांबलेले फार थोडे निघाले. बहुतेक सगळे निर्णयासाठी थांबलेत. कोड छोटा, टेस्ट हिरव्या म्हणजे पास, वाचायला दहा मिनिटं पुरतील, पण हे आपल्याला हवंय का नको याचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. मग जो तो उघडतो, व्हेरिएबलचं नाव बदला अशी एक कॉमेंट टाकतो आणि पुढे जातो.

एक उदाहरण जरा तपशिलात देते. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यातला जो ऱ्य किंवा ऱ्ह आहे तो कंप्युटरमध्ये दोन प्रकारे साठवलेला सापडतो. एकात ऱ आणि त्याला हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर) हे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण सर्च करताना वेगळे पडतात, म्हणजे एका पद्धतीने टाइप केलेला 'वाऱ्यावर' दुसऱ्या पद्धतीने शोधला की सापडतच नाही. यूनिकोडची (अक्षरं साठवायचं जागतिक मानक) शिफारस पहिल्या पद्धतीची आहे, दुसरी जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलीय. एकाने दोन्ही एका रूपात आणणारा पीआर टाकला होता, वीसेक ओळींचा. त्यावर भरपूर कॉमेंट झाल्या, फंक्शनचं नाव काय ठेवायचं, टेस्टची फाइल कुठे टाकायची. पण मूळ प्रश्न असा की लायब्ररीने हा बदल आपोआप करायचा की वापरणाऱ्याने मागितला तरच. आपोआप केला तर ज्यांचा जुना डेटा दुसऱ्या रूपात साठवलेला आहे त्यांचा सर्च बिघडणार, नाही केला तर नवीन माणूस रोज त्याच दगडाला ठेचकाळणार. त्याला कोणी हातच लावला नाही, कारण तो कोडचा प्रश्नच नाही. आणि याच एका निर्णयावर शब्दयादीचे, स्पेलचेकरचे कितीतरी पीआर मागे लटकलेले होते.

त्यामुळे मला वाटतं की रिव्ह्यूचा वेग वाढवण्याआधी होय-नाही ठरवायची काहीतरी ठरलेली पद्धत पाहिजे, आणि नाही म्हणायचं असेल तर ते लवकर आणि कारणासकट सांगितलं पाहिजे. माणूस रात्री जागून काम करून पाठवतो, त्याला वर्षभर काहीच उत्तर न देणं मला फार लागतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय करता ते लिहा ना.

तलावपाळी:

चांगला विषय काढलात ताई. निर्णयाचा मुद्दा पटला. त्यात भर म्हणजे निर्णय कोणी घ्यायचा हेच बऱ्याच रिपोंमध्ये (रिपो म्हणजे प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) लिहिलेलं नसतं. लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मेंटेनर्स (सांभाळणारे) नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते, कुठल्या भागाला कोण जबाबदार ते त्यात. लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स काही प्रत्येक पॅच (पाठवलेला बदल) वाचत बसत नाहीत, ते सबसिस्टिमच्या मेंटेनर लोकांकडून गोळा झालेलं घेतात. शिवाय वेळ बांधलेली, दोन आठवडे नवीन बदल घ्यायची मर्ज विंडो, नंतर आठवड्याला एक आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती), आणि नऊ-दहा आठवड्यांत रिलीज. विंडो गेली की नवीन काही नाही, पुढच्या वेळी या. त्यामुळे पाठवणाऱ्यालाही माहीत असतं की आपली गाडी कधीची.

तुमच्याकडे तिघांपैकी कोण शब्दयादी बघतं, कोण यूनिकोडचं बघतं हे लिहून ठेवलंय का? गिटहबवर (कोड ठेवायची साइट) कोडओनर्स फाइल टाकली की त्या फोल्डरला हात लावणारा पीआर आपोआप त्या माणसाकडे रिव्ह्यूला जातो. पाच मिनिटांचं काम आहे.

कळवा_स्लो:

एवढा विचार कशाला करायचा. स्टेल बॉट (पडून राहिलेले पीआर आपोआप बंद करणारा प्रोग्रॅम) लावा, साठ दिवस हालचाल नाही तर लेबल, अजून सात दिवसांनी बंद. गिटहबच्या स्टेल ॲक्शनचं डिफॉल्टच तेवढं आहे. ज्याला गरज असेल तो पुन्हा उघडेल. कुबरनेटीससारख्या प्रचंड प्रोजेक्टमध्ये पण बॉटच हे करतो, ९० दिवसांनी स्टेल, पुढच्या ३० दिवसांनी रॉटन, अजून ३० दिवसांनी बंद. शंभर उघडे पीआर बघून नवीन माणूस पळतो, यादी छोटी दिसली पाहिजे.

खाडीकिनारा:

@तलावपाळी, लिहिलेलं नाहीये, कोडओनर्सचं लगेच करते, धन्यवाद.

@कळवा_स्लो, बॉटला माझा विरोध नाही, पण पीआर कोणाची वाट बघतोय हे त्याला कळत नाही ना. आमच्याकडच्या बऱ्याच पीआरमध्ये शेवटची कॉमेंट लेखकाची आहे, 'बदल केलेत, प्लीज बघा' अशी. पुढची खेळी आमची होती. तिथे बॉटने येऊन 'हालचाल नाही म्हणून बंद करतोय' म्हणणं म्हणजे आम्ही उत्तर दिलं नाही याची शिक्षा त्या माणसाला. बॉट लावायचाच तर फक्त लेखकाकडे अडकलेल्यांना लावा. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवाले असं लेबलच ठेवतात, वेटिंग ऑन रिव्ह्यू वेगळं आणि वेटिंग ऑन ऑथर वेगळं, रिव्ह्यूअरने बदल मागितले की ते आपोआप पलटतं. आम्हाला तिसरं लेबल पाहिजे, निर्णय बाकी. आणि त्याच्यासमोर नाव पाहिजे, कोणाचा निर्णय.

कळवा_स्लो:

हा फरक मान्य. लेखकाकडे अडकलेल्यांपुरता बॉट, ठीक आहे. पण संख्या महत्त्वाची आहे हे मी सोडणार नाही.

पामबीच:

मी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मेलिंग लिस्टवर बरीच वर्षं आहे म्हणून तिथली पद्धत सांगतो, कारण त्यांनी हा प्रश्न फार नीट हाताळलाय असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांच्याकडे २००८ पासून कमिटफेस्ट असतं. वर्षातून पाच वेळा, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च, आणि त्या महिन्यात नवीन कोड लिहिण्यापेक्षा आलेले पॅच बघण्यावर भर. प्रत्येक पॅचची एका वेबसाइटवर नोंद असते आणि त्याची अवस्था लिहिलेली, रिव्ह्यू हवाय, लेखकाची वाट बघतोय, कमिटरसाठी (मर्जचा हक्क असलेल्यासाठी) तयार. महिना संपला की प्रत्येकाचं काहीतरी ठरवावंच लागतं, घेतला, नाकारला, सुधारणा सांगून परत दिला किंवा पुढच्या फेस्टला ढकलला. ढकललेले पण खूप असतात, तिथेही साठतंच, कमिटरच मोजके आहेत. पण अमुक तारखेला याच्याकडे कोणीतरी बघणार आहे ही खात्री असते आणि माणूस त्या खात्रीवर टिकतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे अपेक्षा अशी की तू एक पॅच टाकलास तर साधारण तेवढ्याच अवघड दुसऱ्या कोणाच्या तरी पॅचचा रिव्ह्यू कर. सक्ती म्हणून पोलीस मागे लागत नाहीत, पण संस्कार तो आहे. आणि पॅच कमिट झाला की कमिट मेसेजमध्ये (त्या बदलाच्या कायमच्या नोंदीत) लेखकाबरोबर रिव्ह्यू करणाऱ्यांची नावं पण येतात. कर्नेलमध्ये पण रिव्ह्यूड बाय अशी ओळ असते. हे दिसायला छोटं आहे पण बघा, आपल्याकडे मुलं पीआर टाकतात कारण रिझ्युमेत दाखवता येतो, रिव्ह्यू दाखवायला काही नसतं म्हणून कोणी करत नाही. नाव इतिहासात कायमचं राहणार म्हटल्यावर माणूस वेळ काढतो.

आणि एक, मर्जचा हक्क तिघांकडे असला तरी रिव्ह्यूचा हक्क सगळ्या जगाकडे आहे. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये लेखक सोडून कोणीही रिव्ह्यू करून तिकिटावर (त्या कामाच्या नोंदीवर) रेडी फॉर चेकइन, म्हणजे घ्यायला तयार, लावू शकतो, मर्ज करणारा फक्त तेवढीच रांग बघतो. तिथे तर २०१४ पासून या कामासाठी फाउंडेशन पगारी माणूस ठेवतं, फेलो म्हणतात त्याला, तिकिटं चाळणं, रिव्ह्यू करणं हेच त्याचं काम. आपल्याला तो खर्च झेपणार नाही पण चाळण्याचं काम वेगळं आहे आणि तेही कामच आहे हे तरी मानलं पाहिजे.

सानपाडा_जंक्शन:

मी वाचनमात्र असतो पण यावर लिहावंसं वाटलं. मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. कॉलेजात सगळे सांगतात कॉन्ट्रिब्यूट करा, पण पीआर टाकल्यावर पुढे काय होतं हे कोणी सांगत नाही. माझा एका प्रोजेक्टमधला पीआर (नाव नको) सहा महिने तसाच होता, मध्ये तीन वेळा कॉन्फ्लिक्ट आले (मूळ कोड बदलला म्हणून माझे बदल जुळेनात), प्रत्येक वेळी रिबेस करून परत जुळवला, काही उत्तर नाही. शेवटी दुसऱ्या कोणीतरी तेच लिहिलं आणि ते मर्ज झालं. नको म्हणाले असते तर अजिबात वाईट वाटलं नसतं, मी दुसरीकडे गेलो असतो. विचारायचं होतं की पुन्हा आठवण करून दिली तर मेंटेनरला राग येतो का? किती दिवसांनी विचारावं?

पामबीच:

राग कशाला येईल, दोन-तीन आठवड्यांनी नक्की विचार. फक्त 'एनी अपडेट' असं नको लिहूस. काय बदललं, कुठे टेस्ट केलं आणि तुला त्यांच्याकडून नेमकं काय हवंय ते एका ओळीत लिही, म्हणजे समोरच्याला आख्खा धागा परत वाचायला लागत नाही. आणि मोठं काही करणार असशील तर कोडच्या आधी इश्यू उघडून विचार, हवंय का म्हणून. ताईंनी वर जे निर्णयाचं लिहिलंय ते तुझ्या बाजूने असंच हाताळता येतं.

खाडीकिनारा:

@सानपाडा_जंक्शन, बरं झालं लिहिलंस. तो कॉन्फ्लिक्टचा मुद्दा मेंटेनर लोकांनी नीट वाचावा असं मला वाटतं. पीआर नुसता पडून राहत नाही, खाली मेन ब्रँच बदलत राहते आणि त्याचा खर्च दर वेळी पाठवणाऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून तर उशिरा दिलेलं होय पण पुष्कळदा उपयोगाचं राहत नाही.

घोडबंदर_गर्दी:

जरा आकड्यांतून बघू. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, रांगेत सरासरी किती जण उभे आहेत ते भागिले दर आठवड्याला किती सुटतात, म्हणजे सरासरी किती थांबावं लागेल ते निघतं. समजा १२० पीआर आहेत आणि आठवड्याला ६ निकाली निघतात, तर सरासरी २० आठवडे. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत माणसं किती यापेक्षा रिक्षा किती वेळाने येतात ते जास्त महत्त्वाचं, तसंच. आणि या नियमात निकाली म्हणजे मर्जच असं कुठे म्हटलंय, नाही म्हणून बंद केलेला पण सुटलेलाच. म्हणून @कळवा_स्लो, संख्या कमी करून उपयोग नाही, सुटण्याचा वेग बघायला पाहिजे, नाहीतर एकदा साफ केली तरी दोन महिन्यांत परत तेवढीच.

वेग वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पीआर छोटा मागणं. आमच्या ऑफिसात हा अनुभव रोजचा आहे, दोन हजार ओळींच्या पीआरवर लोक 'ठीक वाटतंय' लिहून मोकळे होतात आणि चाळीस ओळींवर खरी चूक सापडते. एका पीआरमध्ये एकच बदल, फॉरमॅटिंग वेगळं, नाव बदलणं वेगळं. मोठा आला तर सरळ सांगायचं, तीन तुकडे कर, पहिला तुकडा आजच बघतो. आणि तो आजचा शब्द पाळायचा.

दुसरं, नव्याबरोबर जुनाही घ्या. सगळे वरचा ताजा पीआर उघडतात कारण तो वाचायला सोपा, कॉन्फ्लिक्ट नसतात. तळाचे मग कायमचे तळाला.

उपवन_मॉर्निंग:

मला वेगळी काळजी वाटते. रांगेत येणारं सगळंच खरं काम नसतं. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला पीआर पाठवा म्हणणारा ऑक्टोबरचा उपक्रम) टीशर्ट मिळणार म्हणून लोकांनी रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसवून हजारो रिपोंना पीआर पाठवले होते, शेवटी त्याच ऑक्टोबरमध्ये नियम बदलावा लागला की जे प्रोजेक्ट स्वतः भाग घेतील त्यांच्यातलेच पीआर मोजायचे. आता एआयने लिहिलेलं येतं. कर्ल या डेटा पाठवण्या-आणण्याच्या टूलच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ च्या जानेवारीतच लिहिलं होतं की एआयकडून तयार केलेले सिक्युरिटी रिपोर्ट दिसायला व्यवस्थित असतात म्हणूनच ते खोटे आहेत हे शोधायला जास्त वेळ जातो. लिहिणाऱ्याचा वेळ जवळपास शून्य झाला आणि वाचणाऱ्याचा होता तेवढाच राहिला, मग रांग वाढणारच.

ताई, तुमच्या शब्दयादीत असलं काही आलंय का?

खाडीकिनारा:

आलंय. एका पीआरमध्ये एकदम काही हजार शब्द आले, दिसायला सगळे मराठी, पण वाचायला लागल्यावर हिंदीची रूपं मधेमधे, 'लडका', 'पढाई' अशी, आणि न वापरले जाणारे सामान्यरूपांचे भलतेच प्रकार. लेखकाला विचारलं की हे शब्द कुठून घेतले, तर त्याला सांगता येईना. तिथे मी लगेच नाही म्हटलं आणि कारण लिहिलं. साधन कुठलं वापरलं याच्याशी मला देणंघेणं नाही, पण पाठवणाऱ्याला आपल्या पीआरमधल्या कुठल्याही ओळीबद्दल उत्तर देता आलं पाहिजे. आता कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये (पाठवणाऱ्यांसाठीचे नियम) तेवढं एक वाक्य टाकतोय, शब्द कुठून आले ते लिहा आणि एका पीआरमध्ये पन्नासच्या वर शब्द नकोत.

तलावपाळी:

पन्नासची मर्यादा एकदम योग्य. वाचणाऱ्याला झेपेल तेवढंच.

अवांतर: सामान्यरूपांसाठी शब्द वाढवत बसण्यापेक्षा नियमाने तयार करता येतात का बघा, अर्धे पीआर येणारच नाहीत.

कळवा_स्लो:

मग सोपा उपाय, मर्जचा हक्कच दहा जणांना देऊन टाका. तीन माणसं आहेत म्हणून तर अडलंय ना सगळं?

पामबीच:

थांबा, इथे सावध. एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलचं प्रकरण आठवा. २०२२ मध्ये एकट्याने प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरवर मेलिंग लिस्टवर दबाव आणला गेला, पॅच किती दिवस पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या, असा. त्याच काळात एक जण नियमित चांगले पॅच पाठवत होता, हळूहळू त्याला हक्क मिळाले, आणि ५.६.० व ५.६.१ या व्हर्जनमध्ये बॅकडोर, म्हणजे लपवलेली चोरवाट, निघाला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशिनवर लॉगिन) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं वाटलं म्हणून ते खोलात गेले आणि सापडलं. ते स्वतः पोस्टग्रेसचे डेव्हलपर. ते चिकाटीने मागे लागले नसते तर ते कुठल्या कुठे पोचलं असतं.

माझं म्हणणं हक्क देऊ नका असं नाही. साठलेल्या रांगेची लाज वाटून घाईने देऊ नका. मेंटेनरला रांगेवरून टोमणे मारणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं, फुकट काम करणाऱ्या थकलेल्या माणसावर दबाव टाकला की तो सुरक्षितता सोडून देतो. आधी रिव्ह्यू करू द्या, कोणाचे रिव्ह्यू नेमके असतात ते काही महिने बघा, मग एकेका फोल्डरचा हक्क द्या. शब्दयादीसाठी वेगळी रिपो केलीत तर तिथे पाच-सहा जणांना हक्क देऊनही मूळ कोडला धोका नाही.

घोडबंदर_गर्दी:

वेगळ्या रिपोला +१. शब्दांचे पीआर आणि कोडचे पीआर एकाच रांगेत असणं हीच गडबड आहे, दोन्हीला लागणारी माणसं वेगळी. शब्दयादी बघायला प्रोग्रॅमर कशाला पाहिजे, मराठीची शिक्षिका जास्त चांगली बघेल. माझी मावशी कोपरखैरण्याला शाळेत मराठी शिकवायची, आता रिटायर आहे, तिला विचारतो. गिटहब नाही जमणार पण शीटमध्ये दिलं तर ती एका बैठकीत बघून देईल.

खाडीकिनारा:

मावशींना जरूर विचारा, शीट मी बनवते!

आम्ही काल तिघं कॉलवर बसून या धाग्यातलंच बरंचसं घेतलं, ते सांगते. शब्दयादी वेगळ्या रिपोत जाणार. निर्णय बाकी हे लेबल सुरू केलं, त्यावर ज्याचं नाव त्याने दोन आठवड्यांत होय किंवा नाही लिहायचं, कारणासकट, आणि जमलं नाही तर दुसऱ्याकडे द्यायचं. दर महिन्याचा दुसरा शनिवार फक्त रिव्ह्यूचा, त्या दिवशी आम्ही स्वतःचा नवीन कोड लिहिणार नाही. रिव्ह्यू करणाऱ्याचं नाव कमिट मेसेजमध्ये आणि रिलीजच्या नोंदीत येणार. बॉट फक्त लेखकाकडे अडकलेल्यांना, ९० दिवसांनी, आणि बंद करताना कसं पुन्हा उघडायचं ते मराठीत लिहिलेलं असेल.

आणि तो ऱ्यचा निर्णय झाला. डिफॉल्ट बदलणार नाही, मागितलं तरच बदल होणार, पण सर्चसाठी एक वेगळं फंक्शन देणार जे दोन्ही रूपं एकच धरेल. जुन्या डेटावाल्यांनाही चालेल आणि नव्यांनाही. तो पीआर टाकणाऱ्या मुलाला मी सविस्तर लिहिलं, इतका उशीर झाल्यावर तो उत्तर देईल असं वाटलं नव्हतं, पण त्याने रात्रीच पीआर तसा बदलून पाठवला. मर्ज झाला. मागे लटकलेल्यांपैकी काही आता एकेक ओळीत सुटतायत, काहींची गरजच उरली नाही, त्यांना तसं कळवून बंद केलं.

सानपाडा_जंक्शन:

मला पण रिव्ह्यू करून बघायचाय पण मी कधी केला नाहीये. चालेल का? आणि कुठल्यापासून सुरू करू?

खाडीकिनारा:

चालेल काय, पाहिजेच आहे. सर्चच्या त्या फंक्शनसाठी टेस्ट वाढवणारा एक छोटा पीआर आलाय, तो घे. आधी स्वतःच्या मशिनवर चालवून बघ, मग 'दऱ्या', 'कोऱ्या', 'गोऱ्हा' असे शब्द दोन्ही पद्धतींनी टाइप करून शोधून बघ. झेडडब्ल्यूजे शब्दाच्या शेवटी आला तर काय होतं तेही बघ, तिथे मला शंका आहे. जे दिसेल ते जसंच्या तसं लिही. शनिवारी अकराला ऐरोली स्टेशनच्या पूर्वेला भेटतोय आम्ही सगळे, लॅपटॉप आणि चार्जर घेऊन ये, अडलं तर तिथे बघू.